मे महिन्यातला चिखल

आमच्या गोडाऊनमधून हळदीची पोती जात होती आणि ते आम्हाला कळलं चिखलामुळं. कॅमेरा, वॉचमन, कुलूप सगळं होतं, कशाचाच उपयोग झाला नाही. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत मी बरीच वर्षं गोडाऊन बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कुणाच्या कामाला आलं तर येईल.

तर झालं असं की मार्च-एप्रिलपासून स्टॉक जुळेना. आमच्याकडं हिशोब क्विंटलमध्ये चालायचा, आणि हळद म्हणजे पडून राहिली की थोडी सुकणारच, वजन घटणारच, त्यामुळं सुरुवातीला मालकांनी 'घट असेल' म्हणून सोडून दिलं, मीही मान हलवली. पण घट वजनात येते ओ, नगात कशी येईल? पन्नास किलोचं पोतं साडेएकोणपन्नासचं होईल, गायब कसं होईल? हे डोक्यात यायला मला दोन महिने लागले, याची लाज आजही वाटते.

मग थप्प्या मोजायला घेतल्या. बाहेरनं सगळ्या चौकोनी, व्यवस्थित. एकीवर चढून बघितलं तर मधली पोती काढलेली आणि वरचा थर फळ्या टाकून नीट लावलेला, पोकळ थप्पी! बाहेरून लांबी-रुंदी-उंची गुणून मोजणाऱ्याला ती वर्षभर दिसली नसती. दहा मिनिटं नुसता तिथंच बसलो वरती.

पहिला संशय कुणावर? हमालांवर. नेहमीचंच. मालक म्हणाले उद्यापासून गेटवर झडती घ्या. मी म्हटलं, मालक, पन्नास किलोचं पोतं काय डब्यात घालून नेणार हाय का कोण. गेलं असेल तर गाडीतनंच गेलंय. पण गाड्यांची कागदं बघितली तर वजनकाट्याच्या पावत्या, चलन, ई-वे बिल सगळं किलोकिलोनं जुळत होतं. उलट जरा जास्तच छान जुळत होतं.

आणि एक दिवस झाडलोट करणाऱ्या मावशी आल्या तणतणत. "दादा, शेडच्या मागं मे महिन्यात चिखल कसला हो होतुय? पाऊस नाय, नळ नाय, आन मी रोज पाय घाण करून घेतीया." मी म्हटलं बघतो मावशी, आणि विसरलो. दुसऱ्या आठवड्यात त्या परत म्हणाल्या, "ती निळी गाडी आली की हुतंय बगा."

निळ्या गाडीच्या हौद्यात पुढच्या बाजूला कायम एक दोनशे लिटरचा ड्रम असायचा. रेडिएटरला आणि प्यायला पाणी, असं ड्रायव्हर सांगायचा. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, म्हणजे बरोब्बर चार पोती. भरलेल्या गाडीच्या वजनातनं रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की मालाचं वजन निघतं. तर रिकामी गाडी बाहेरच्या काट्यावर भरलेल्या ड्रमसकट वजन करून यायची, नंबर लागेपर्यंत शेडमागं उभी राहायची, तिथं ड्रम रिकामा व्हायचा, मग चलन दोनशे पोत्यांचं आणि गाडीत दोनशे चार. जाताना काट्यावर वजन तंतोतंत. डोकं बघा काय लावलंय!

आता चार पोती जास्त भरायची म्हणजे मोजणारा आतला पाहिजे. इथं मला आमचा मुकादम आठवला. हमाली पोत्यावर मिळते, त्यामुळं त्याची खिशातली वही एका पोत्यानं चुकत नाही. ती वही आमच्यातल्या कुणी कधी बघितलीच नव्हती. बघितली तर निळ्या गाडीच्या प्रत्येक खेपेपुढं 204. चलनावर 200. मी विचारलं, मुकादम, वरच्या चारची हमाली कोण देत होतं? तर म्हणाले, "तुमचाच क्लार्क द्यायचा की रोख. आमाला वाटलं सॅम्पलची असतील." म्हणजे गड्यानं मालकाची पोती नेली पण हमालाचा एक रुपया बुडवला नाही. हसावं का रडावं.

क्लार्क गेला, ट्रान्सपोर्टवाला बंद केला, नुकसानभरपाई अर्धीमुर्धी मिळाली. विम्याचं मात्र काही झालं नाही, कारण आमची पॉलिसी घरफोडीची, तिला तोडफोडीच्या खुणा लागतात, आणि आमच्याकडं तर कुलूप शाबूत. नोकरानं केलेल्या अपहाराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, फिडेलिटी गॅरंटी म्हणतात त्याला. तुमची पॉलिसी आजच काढून वाचा.

आता आम्ही रिकाम्या गाडीचं वजन झालं की ती थेट दारालाच लावतो, मध्ये कुठं थांबू देत नाही, आणि हौद्यात ताडपत्री-दोरखंड सोडून काही दिसलं तर परत काट्यावर. गेटपास फाडायच्या आधी मुकादमाच्या वहीतला आकडा चलनावर चढतो आणि त्याची सही होते. गेटकडं बघणारा एक कॅमेरा वळवून भरणीच्या दारावर लावला. प्रत्येक थप्पीला कार्ड, नग लिहून, आणि महिन्यातनं एकदा कुठलीही एक थप्पी उलगडून मोजायची, कुठली ते सकाळी ठरवायचं. येणाऱ्या मालाला पोतं कमी भरलं तर बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, शेरा मारल्याशिवाय सही नाही, ड्रायव्हर कितीही घाई करू दे, नंतर भांडायला तेवढा एकच कागद हातात असतो.

आमचे आजोबा सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांच्या गोष्टी सांगायचे. जमिनीत खोल खड्डा, आत हळद, तोंड मातीनं बंद. उघडल्यावर आधी दिवा खाली सोडायचा, तो विझला तर आत हवा नाही, उतरायचं नाही. चोर घाईत उतरला तर तिथंच गुदमरायचा. 2005 च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली. आता बहुतेक हळद शेडमध्ये.

तो ड्रम शेवटच्या दिवशी मी उतरवून घेतला. न्यायला कुणी आलं नाही. मावशींनी त्यात सांडलेली हळद झाडून साठवायला सुरुवात केलीय, आणि त्याच्यावर खडूनं लिहून घेतलंय माझ्याकडनं, किलो किती ते.