ग. र. की ग. रा.? घराण्याच्या जुन्या कागदांतील आद्याक्षरे वाचताना

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्याने सिद्ध करण्याचे काम गावाकडच्या मंडळींनी हाती घेतले, तेव्हा मुंबईच्या शाखेची माहिती जमवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. पणजोबांच्या पिढीत दोन भाऊ नोकरीसाठी मुंबईत आले आणि गिरगावातल्या एका चाळीत एकाच बिऱ्हाडात राहिले, एवढे सर्वांना ठाऊक होते. कागदांची वाण नव्हती. आत्याने ट्रंकेत भाडेपावत्या, पोस्टकार्डे, शाळेचे दाखले, कचेरीची पत्रे आणि काही मोडी कागद असे सारे वडिलांच्या पश्चात जपून ठेवले होते, आणि त्याबद्दल तिचे ऋण मानावे तेवढे थोडेच आहे. अडचण निराळी होती. या कागदांत पूर्ण नाव क्वचितच आढळे. जिथे तिथे आद्याक्षरे होती.

इंग्रजी कागदांत आजोबा सर्वत्र 'जी. आर.' होते. मराठी कागदांत मात्र काही ठिकाणी 'ग. र.' आणि काही ठिकाणी 'ग. रा.' असे लिहिलेले होते. आपल्याकडे पहिले अक्षर स्वतःच्या नावाचे आणि दुसरे वडिलांच्या नावाचे असते, त्यामुळे वंशावळ जुळवणाऱ्याला दुसरे अक्षर पहिल्याइतकेच, किंबहुना अधिक मोलाचे वाटते. 'र' म्हणजे रघुनाथ, रघुवीर, रमाकांत, रत्नाकर. 'रा' म्हणजे रामचंद्र, राघो, राजाराम. आत्याच्या सांगण्याप्रमाणे तिच्या आजोबांचे नाव रामचंद्र होते. आजोबांच्या प्राथमिक शाळेच्या १९१५ च्या दाखल्यावर मात्र वडिलांचे नाव रघुनाथ असे स्पष्ट, वळणदार बाळबोध अक्षरात लिहिलेले होते. लेखनिकाच्या हातून काना राहिला असेल असे एका अक्षराबद्दल म्हणता येते. पूर्ण लिहिलेल्या नावाबद्दल म्हणता येत नाही.

येथे देवनागरी आणि रोमन आद्याक्षरांतला फरक नीट ध्यानात घ्यावा लागतो. देवनागरी आद्याक्षर हे स्वरासह घेतलेले अक्षर असते, त्यामुळे गणेशाचा 'ग', गोविंदाचा 'गो' आणि गंगाधराचा 'गं' वेगळे राहतात. रोमन लिपीत तिघांचेही एकच 'जी' होते. याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण राजवाडे बंधूंचे आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि त्यांचे बंधू, संस्कृतचे व्यासंगी वैजनाथ काशिनाथ राजवाडे, हे मराठीत 'वि. का.' आणि 'वै. का.' असे सहज ओळखू येतात, पण इंग्रजी सूचीत दोघेही 'व्ही. के.' होतात आणि एकाचे लेखन दुसऱ्याच्या नावावर जाण्याचा धोका उत्पन्न होतो. आमच्या पणजोबांच्या पिढीतले दोघे भाऊ म्हणजे रामचंद्र गणेश आणि रघुनाथ गणेश. मुंबईच्या इंग्रजी कागदांत दोघेही 'आर. जी.' होते, दोघांचा पत्ता एकच होता, आणि आजोबा त्यांपैकी कोणाचेही पुत्र असोत, 'जी. आर.' हेच राहणार होते.

कचेरीच्या कागदांतील एका पत्राने हा प्रश्न अधिकच गंभीर केला. नोव्हेंबर १९१८ चे ते टंकलिखित पत्र एका व्यापारी पेढीकडून आलेले होते आणि त्यात 'दिवंगत आर. जी.' यांच्या राहिलेल्या पगाराची रक्कम कुटुंबीयांनी घेऊन जावी असे कळवले होते. १९१८ साली मुंबईत इन्फ्लुएंझाची साथ जूनमध्ये शिरली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत तिने सर्वाधिक माणसे नेली, त्यामुळे पत्राचा महिना पाहताच कारणाचा अंदाज आला. पण गेले ते कोणते 'आर. जी.'? भाडेपावत्या तर १९२१ पर्यंत 'आर. जी.' यांच्याच नावाने फाडलेल्या होत्या. मुंबईच्या चाळीत ज्याने काही काळ काढला आहे त्याला सांगायला नको की पावतीवरचे नाव हा त्या नावाचा मनुष्य हयात असल्याचा पुरावा नव्हे. आजोबांच्या नावाची पावती नातवाच्या हाती पडत असल्याची उदाहरणे गिरगावात घरोघरी सापडतील. म्हणून भाडेपावत्या मी बाजूला ठेवल्या आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयात मृत्यूच्या नोंदीच्या उताऱ्यासाठी अर्ज केला. कचेरीच्या पत्रामुळे साल आणि महिन्यांचा पट्टा देता आला, हे फार उपयोगी पडले. उताऱ्यात नाव पूर्ण होते: रामचंद्र गणेश, ऑक्टोबर १९१८.

त्यानंतर पोस्टकार्डे पुन्हा वाचायला घेतली, आणि येथे 'रा.' या एका अक्षराने माझा सर्वांत अधिक वेळ घेतला. जुन्या मराठी पत्रव्यवहारात 'रा.' हे अक्षर निदान तीन कामे करते. नावाआधी येणारे 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजश्री, हा मायना झाला. गावाच्या नावाआधी येणारे 'रा.' म्हणजे राहणार. आणि मधल्या जागी येणारे 'रा.' हे रामचंद्र किंवा तसे एखादे नाव असू शकते. आमच्याकडच्या एका करारनाम्याच्या खाली साक्षीदार म्हणून 'ग. रा. गिरगाव' असे लिहिलेले आहे. ते 'गणेश रामचंद्र, गिरगाव' असे वाचता येते आणि 'ग..., राहणार गिरगाव' असेही वाचता येते. त्याच कागदावरील इतर साक्षीदारांच्या ओळी पाहिल्यावर उलगडा झाला, कारण त्या सर्वांनी गावाआधी 'रा.' लिहिले होते आणि वडिलांचे अक्षर कोणीच दिले नव्हते. अर्थात ती ओळ आजोबांच्या वडिलांविषयी काहीही सांगत नाही, म्हणून ती पुराव्यातून वगळली.

मायन्यातील संक्षेप पाठ असल्याशिवाय जुनी पत्रे हातात घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. 'ति.' म्हणजे तीर्थरूप, 'चि.' म्हणजे चिरंजीव, 'वे. शा. सं.' म्हणजे वेदशास्त्रसंपन्न, 'कै.' म्हणजे कैलासवासी, आणि 'सा. न. वि. वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. ही अक्षरे नावे नव्हेत. माझी पुतणी या कामात मोठ्या आस्थेने साह्य करीत होती. एका पाकिटावरचे 'गं. भा.' पाहून तिने गंगाधर भास्कर अशा कोणा नातेवाइकाचा शोध सुरू केला. तिच्या पिढीने हा संक्षेप लिहिलेला पाहिलेलाच नाही, तेव्हा तो तिने कोठून ओळखावा? 'गं. भा.' म्हणजे गंगा भागीरथी, विधवा स्त्रीच्या नावाआधी लावले जाणारे उपपद. पाकीट १९१९ चे होते आणि रामचंद्रांच्या पत्नीला पाठवलेले होते. ते घरात असूनही आजवर कोणी वाचले नव्हते, आणि पुढचा सारा उलगडा त्यातूनच झाला.

पत्र गावाहून दिरांनी, म्हणजे रघुनाथांनी, लिहिले होते. ते तेव्हा मुंबई सोडून गावी गेलेले दिसतात. त्यात 'चि. गणू यास आपले ओटीत दिल्याप्रमाणे' असे शब्द आहेत आणि तलाठ्याकडे नोंद करून घेण्याविषयी सूचना आहे. म्हणजे आजोबा दत्तक गेले होते. निपुत्रिक भावाच्या घरी पुतण्याने दत्तक जाणे ही त्या काळी सर्वसंमत रीत होती, आणि मुंबई इलाख्यात लागू असलेल्या हिंदू कायद्याप्रमाणे पतीने तशी परवानगी देऊन ठेवलेली नसली तरी विधवेला दत्तक घेता येत असे. दत्तविधानानंतर मुलाचे मधले नाव बदलते. आजोबांचे 'ग. र.' हे 'ग. रा.' झाले, इंग्रजीत मात्र 'जी. आर.' जसेच्या तसे राहिले, आणि एका मुलाने एक घर सोडून दुसऱ्या घरात प्रवेश केल्याची खूण एकाही इंग्रजी कागदावर उरली नाही.

पत्रातील एका वाक्यावर वंशावळ बदलणे योग्य नव्हते, म्हणून तालुक्याच्या अभिलेख कक्षातून जुन्या फेरफाराची नक्कल मागवली. गावच्या नोंदींची भाषा आणखी वेगळी असते. तेथे आद्याक्षरे कमी आणि घरगुती रूपे अधिक: रामा, रघू, गणू. मुलाच्या नावापुढे 'बिन' लिहून बापाचे नाव, आणि स्त्रीच्या नावापुढे 'कोम' लिहून नवऱ्याचे नाव. 'गणू' हा गणेश असेल किंवा गणपत असेल. आमच्याच भावकीत त्या सुमारास दोन्ही होते, तेव्हा केवळ 'गणू बिन रामा' एवढ्यावर समाधान मानता येत नव्हते. पण त्या फेरफारात मयत रामा बिन गणू याचे वारस म्हणून 'दत्तक मुलगा गणू, अ. पा. क. आई' अशी नोंद होती आणि जनक बाप रघू असल्याचेही नमूद केले होते. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलगा वयात आलेला नसल्याने जमिनीचा कारभार दत्तक आईकडे होता. तिचे नाव पाकिटावरच्या नावाशी जुळले. शाळेचा दाखला, मृत्यूचा उतारा, पत्र आणि फेरफार हे चार वेगवेगळ्या हातांनी वेगवेगळ्या कारणांसाठी लिहिलेले कागद आता एकमेकांशी जुळत होते, आणि अशी जुळणी झाल्यावरच मी 'रा.' या अक्षराचे रामचंद्र असे पूर्ण रूप लिहिले.

मोडी कागद जाणकाराकडून वाचून घेतले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नाही, त्यामुळे एखादे सुटे अक्षर आधीच्या शब्दाचा शेवट आहे की नावाचा संक्षेप आहे हे ओळखायला सरावलेली नजरच हवी. आमच्या कागदांत अक्षरापुढे दोन उभे दंड आहेत तेथे शब्द तोडलेला आहे, हे त्यांनी मला दाखवून दिले. पण ती खूण प्रत्येक ठिकाणी केलेली नाही.

या सर्व काळात एक शिस्त मी कटाक्षाने पाळली. वहीत प्रत्येक कागदासाठी दोन रकाने केले: एकात कागदावर आहे तेच, टिंबांसह आणि काना-मात्रांसह, दुसऱ्यात माझे वाचन आणि त्याचा आधार. आधार नसेल तर दुसरा रकाना रिकामा. घरातल्या कोणाच्या सांगण्यावरून पहिल्या रकान्यात काहीही भरले नाही, कारण घरगुती नाव आणि कागदावरचे नाव यांत अंतर असते आणि कधीकधी घरगुती नावच अधिकृत होऊन बसते. लोकमान्यांचे मूळ नाव केशव होते, पण 'बा. गं.' या आद्याक्षरांतला 'बा' हा घरात हाक मारायच्या 'बाळ' या नावाचा आहे. आजोबांच्या पत्रिकेत तर 'वासुदेव' असे नाव आहे. ते रोहिणी नक्षत्राच्या 'वा' या चरणाक्षरावरून ठेवलेले नावरस नाव असल्याचे पत्रिकेतच स्पष्ट आहे; अन्यथा त्याच जन्मतिथीचा आणखी एक मुलगा वंशावळीत शिरला असता.

कुलवृत्तांताच्या संपादकांना मी आजोबांची नोंद दोन ठिकाणी देण्याची विनंती केली आणि ती त्यांनी मान्य केली. रघुनाथांच्या खाली 'गणेश, बंधू रामचंद्र यांस दत्तक' अशी ओळ येईल आणि पूर्ण वृत्तांत रामचंद्रांच्या खाली येईल. आत्याला हे सांगितले तेव्हा तिने फेरफाराची नक्कल मागून घेतली आणि स्वतः वाचून पाहिली. तिला सांगितलेले रामचंद्र हे नाव बरोबर होते, आणि दाखल्यावरचे रघुनाथही बरोबर होते. पोस्टकार्डांवर सही करणाऱ्या तिसऱ्या भावाचे नाव मात्र 'स. ग.' एवढेच मिळाले आहे. भावकीत कोणी सखाराम सुचवतात, कोणी सदाशिव. त्यांची नोंद 'स. गणेश' अशीच पाठवली असून गावच्या फेरफारांच्या पुढच्या नकला मागवल्या आहेत.