नाशिक ते रत्नागिरी : दोन मुलं घेऊन घर हलवतानाचा माझा अनुभव

नवऱ्याची बदली रत्नागिरीला झाली हे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं. बँकेतली नोकरी, बदली होणारच होती, पण आम्हाला वाटत होतं की धुळे नाहीतर जळगाव मिळेल. पहिल्या दोन दिवसात ज्याला ज्याला सांगितलं त्या प्रत्येकानं एकच सल्ला दिला, त्याला एकट्याला जाऊ दे, तू मुलांना घेऊन इथेच राहा, शाळा चांगली आहे, स्वतःचा फ्लॅट आहे, तीन वर्षं काय अशी निघून जातात. आणि खरं सांगते, कागदावर ते बरोबरच होतं.

पण माझे बाबा मुंबईला नोकरी करायचे, रोज पंचवटी एक्सप्रेसनं. सकाळी सातच्या आत नाशिकरोड स्टेशन आणि रात्री घरी यायला दहा. आम्ही उठायच्या आत गेलेले असायचे आणि आम्ही झोपल्यावर यायचे. बाबा म्हणजे रविवार, असंच आमचं लहानपण गेलं. ते आता नाहीत. त्यामुळे मी नवऱ्याला सांगितलं की जायचं तर चौघांनी, माझं काम (छोट्या दुकानदारांचे हिशोब आणि जीएसटी रिटर्न) लॅपटॉपवर कुठूनही होतं, मुलांना बाप रोज दिसला पाहिजे.

ह्यात माझी एक चूक झाली आणि ती मी इथे स्पष्ट लिहिते कारण तिचा त्रास पुढे आठ महिने पुरला. आम्ही दोघांनी ठरवलं, आईला सांगितलं, दिराला सांगितलं, शाळेत विचारून आलो, आणि थोरलीला सगळ्यात शेवटी सांगितलं. ती तेव्हा बारा वर्षांची, सहावी संपलेली. त्याआधीच तिनं मला फोनवर बोलताना ऐकलं होतं. मी समजावायला गेले तर म्हणाली, "तुम्ही मला विचारलं नाही, फक्त सांगितलंत." धाकटा सहा वर्षांचा, त्याला समुद्र म्हणल्यावर बाकी काही ऐकायचंच नव्हतं.

थोरली पळते. नाशिकमध्ये हे वेगळं सांगायला नको, कविता राऊतनं 2010 च्या कॉमनवेल्थमध्ये दहा हजार मीटरचं ब्रॉंझ आणलं तेव्हापासून इथल्या कितीतरी मुली ग्राउंडवर जायला लागल्या. हिचंही पहाटेचं ग्राउंड, सर, चार मैत्रिणी, तिथून आजीकडे पंचवटीत नाश्ता आणि मग शाळा. तिचं नाशिक म्हणजे एवढंच होतं आणि आम्ही नेमकं तेच काढून घेत होतो. हे मला तेव्हा कळलं नाही, मी शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या मागे होते.

तर दाखला. दोन्ही मुलं स्टेट बोर्ड सेमी इंग्लिशला, त्यामुळे पुस्तकं तीच राहणार होती, हा मोठाच फायदा. कागदी दाखला मिळायला फार वेळ लागत नाही, पण मुलाचं नाव ऑनलाइन सुद्धा हलवावं लागतं, जुन्या शाळेनं तिकडून सोडलं की नवीन शाळा ओढून घेते. आणि तिथे थोरलीचं आडनावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि शाळेच्या रेकॉर्डला दुसरं. मे महिन्यात ऑफिसात क्लार्क एक दिवस असायचे दोन दिवस नसायचे, मी पाच चकरा मारल्या. शेवटी आधार सेंटरवर जाऊन नाव दुरुस्त केलं मग पुढे सरकलं. तुमची मुलं असतील तर दाखला मागायच्या आधी आधार, जन्मदाखला आणि शाळेचं रेकॉर्ड शेजारी शेजारी ठेवून अक्षर न अक्षर जुळवून बघा. आणि एक माहीत असू द्या, आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही, शिक्षण हक्काच्या (आरटीई) कायद्यात तसं लिहिलेलं आहे. हे मला आधी माहीत असतं तर रात्री झोप तरी लागली असती.

बाकीचे कागद सोपे होते. गॅसचं सिलेंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा केलं, डिपॉझिट परत मिळालं, ट्रान्सफर व्हाउचर घेतलं, तिकडे आताच्या रेटनं नवीन डिपॉझिट भरलं. शेगडी आपली आपल्याकडे. गाडी राज्यातल्या राज्यात असल्यामुळे एमएच 15 च राहिली, फक्त पत्ता बदलायचा. भाडेकरार, पोलीस व्हेरिफिकेशन, मतदार यादीचा 8 नंबरचा फॉर्म हे सगळं तिकडे गेल्यावर सावकाश केलं.

घर मात्र नीट सांगते कारण नाशिकच्या माणसाला त्यातलं काही कळत नाही. आम्ही मेच्या सुरुवातीला दोघंच जाऊन चार घरं बघितली. तिसरं घर मला फार आवडलं होतं, नवीन बिल्डिंग, पश्चिमेला मोठी खिडकी, थोडासा समुद्र दिसायचा. टोकन द्यायच्या बेतात होतो. चौथं घर बघायला गेलो तिथल्या मालकीणबाई, आता आम्ही त्यांना काकू म्हणतो, त्यांनी विचारलं कुठली कुठली बघितलीत, आणि मग म्हणाल्या, "अहो पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघितलात का? पाऊस तिकडूनच येतो." परत जाऊन बघितलं तर कपाटामागे रंगाचे पापुद्रे निघालेले आणि खाली काळे डाग. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि रत्नागिरीत तीन हजाराच्या वर. मग आम्ही काकूंचंच खालचं घर घेतलं, जांभ्या दगडाचं, वर कौलं, पश्चिमेला पडवी, मागे विहीर, मांडवीचा समुद्र चालत दहा मिनिटं. दिसत काही नाही, पण रात्री आवाज येतो.

काकूंनीच सांगितलं की सामान काहीही करून मे संपायच्या आत आणा. ट्रकवाल्यानं ठरलेल्या दिवसापेक्षा दोन दिवस उशिरा माल आणला, एक कपाट उभं चिरलेलं होतं आणि वर उतरवायचे जास्तीचे पैसे मागितले. अजून पंधरवडाभर उशीर झाला असता तर गाद्यांचं काय झालं असतं ह्याचा विचार नको वाटतो. सामान भरायच्या आधी प्रत्येक वस्तूचे फोटो काढून ठेवा, एवढंच सांगेन.

आम्ही चौघं रेल्वेनं गेलो, मंगला एक्सप्रेस नाशिकरोडला थांबते आणि सरळ कोकण रेल्वेवरून रत्नागिरीला जाते, गाडी बदलावी लागत नाही. आई स्टेशनवर आली होती, रात्रीची वेळ असूनही. थोरली तिला धरून उभी राहिली आणि गाडी हलेपर्यंत सोडेना. सकाळी उजाडल्यावर धाकटा खिडकीला चिकटून बोगदे मोजायला लागला आणि रत्नागिरीच्या थोडं आधी करबुड्याचा बोगदा आला, साडेसहा किलोमीटरचा, तो संपेचना. थोरली वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून पडलेली. अंधारात मी तिचा पाय धरून उभी राहिले, तिनं पाय काढून घेतला नाही, पण बोललीही नाही.

पहिले चार दिवस छान गेले. एकाच गावात काळा समुद्र आणि पांढरा समुद्र, मांडवीची वाळू काळी आणि किल्ल्याच्या पलीकडची पांढरी, धाकट्यानं दोन्हीकडची वाळू बाटल्यांमध्ये भरून ठेवली. मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो तर बोटी एकमेकींना खेटून उभ्या, 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिकी मासेमारी बंद असते म्हणून जाळी उतरवायची घाई चाललेली.

आणि मग पाऊस सुरू झाला. नाशिकला आपण म्हणतो ना की काय पाऊस पडतोय, तो पाऊस नव्हताच. इथे तो पडतच राहतो. कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, दप्तराला बुरशी, चामड्याच्या चपला पांढऱ्या, मीठ पाणी होतं, लाईट रात्री जाते ती सकाळी येते. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी इन्व्हर्टर पहिल्या आठवड्यात घ्या, 20 तारखेला रिटर्न भरायचं आणि लाईट नाही, माझी काय अवस्था झाली असेल बघा. पडवीत बेडूक, न्हाणीघरात खेकडा, एकदा विहिरीजवळ साप. काकूंनी मुलांना सांगितलं की चप्पल झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही आणि अंधारात बॅटरीशिवाय बाहेर पडायचं नाही. पावसाळ्यात समुद्राच्या पाण्यात पाऊलसुद्धा टाकायचं नाही हा तिसरा नियम, त्याच्यावर घरात चर्चा नाही.

धाकटा महिन्याभरात रुळला, शाळेत मित्र झाले, घावणे आणि सोलकढी हेच त्याचं जेवण झालं. थोरलीचं पळणं बंद. पाऊस, चिखल, ग्राउंडवर पाणी. शाळेतून यायची आणि फोनवर नाशिकच्या मैत्रिणींचे पळतानाचे व्हिडिओ बघत बसायची. शाळेत डबा परत यायला लागला. जुलैमध्ये वर्गशिक्षिकांनी बोलावलं, म्हणाल्या अभ्यास ठीक आहे पण मुलगी कोणाशी बोलत नाही. मी घरी येऊन खूप रडले. मला वाटायला लागलं की बापासाठी म्हणून मी मुलांना इथे आणलं आणि तिच्याकडून सगळं काढून घेतलं.

सप्टेंबरमध्ये पाऊस जरा थांबल्यावर एका रविवारी थिबा पॅलेस बघायला गेलो. ब्रह्मदेशाचा राजा थिबा, इंग्रजांनी 1885 मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि त्याला बायका-मुलांसकट इथे आणून ठेवलं. राजवाडा त्याच्यासाठी 1910 च्या सुमाराला बांधून झाला आणि 1916 मध्ये तो इथेच गेला, परत कधीच गेला नाही. थोरली सगळं वाचत होती. बाहेर पायरीवर बसल्यावर म्हणाली, "त्याच्या मुलींना पण कोणी विचारलं नसेल."

मी तिथेच तिची माफी मागितली. पूर्ण, कारणं न देता. मी बाबांचं, पंचवटी एक्सप्रेसचं सगळं तिला पहिल्यांदाच सांगितलं, ते ऐकून ती म्हणाली हे मला आधी का नाही सांगितलंस. आणि मग आम्ही ठरवलं की एप्रिलमध्ये वर्ष संपल्यावर तिला परत विचारायचं, त्यावेळी ती म्हणेल ते. आजीकडे राहून शिकायचं म्हणाली तर तसं. नवऱ्याला हे आवडलं नाही, आमचं भांडण झालं, पण मी शब्द दिला होता. मुलांना असं तोंडदेखलं विचारून उपयोग नसतो, नाही म्हणली तर आपण ऐकणार असू तरच विचारावं, असं माझं मत आहे.

पळण्याचा रस्ता काकूंनी काढला. भाट्याचा किनारा लांब आणि सपाट आहे, सुरूचं बन आहे, ओहोटीला ओली वाळू पायाखाली घट्ट होते, पळायला एकदम मस्त. पण ओहोटी रोज वेगळ्या वेळी. काकू म्हणाल्या सोपं आहे गं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, त्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी. भरती चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, थोडं मागेपुढे धरायचं. थोरलीला पाऊणपट तोंडी येईना, मलाही नाही. तिनं आजीला फोन लावला. आजी जुन्या चौथीपर्यंत शिकलेली, पण तिला पावकी, निमकी, पाऊणकी सगळे पाढे पाठ. फोनवरच तिनं म्हणायला सुरुवात केली, एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, आणि ही इकडून वहीत लिहून घेतेय. त्या दिवशी तिला मी तीन-चार महिन्यांनी हसताना बघितलं.

मग बाप-लेक शनिवार-रविवार भाट्याला जायला लागले, ती पळते, तो घड्याळ लावून वेळ मोजतो. दिवाळीनंतर शाळेतल्या दोन मुली यायला लागल्या.

एप्रिलमध्ये मी विचारलं. छातीत धडधडत होतं. ती म्हणाली, आठवी इथे करते, नववीचं परत विचार. मी बरं म्हणलं. ह्या वर्षी परत विचारलं, नववीही इथेच करते म्हणाली, दहावीचं अजून बाकी आहे.

आई अजून पंचवटीतच आहे, तिला इथे कायमचं यायचं नाहीये, गंगा (म्हणजे आमची गोदावरी) सोडून येणार नाही म्हणते. पण रोज संध्याकाळी फोन येतो. कालच आला होता. थोरली स्पीकरवर टाकून बूट पुसत बसलेली.

"आजी, उद्या काय?"

"द्वितीया."

"दोन पाऊण दीड. म्हणजे ओहोटी साडेसातला."

"साडेसात म्हणजे उजाडलेलं असेल. तरी बाबाला घेऊन जा."