तीन दिवसांची रजा

"वहिनी, पुनवेला तीन दिवस येणार नाही मी. जोतिबाला जायचंय."

मावशी भांडी विसळत होत्या आणि नळ सुरू होता. मला ऐकू आलं नाही असं दाखवायची चांगली सोय होती. ती मी घेतली. पण मावशींनी नळ बंद करून पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, "बघू उद्या."

या "उद्या"वरून मला फारो आठवला, बायबलातला मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, राजा.

आमचं लहानपण अलिबागेत गेलं, तेही इस्रायल आळीच्या, म्हणजे तिथल्या ज्यू वस्तीच्या, जवळच. त्यामुळे मोशे, फारो, समुद्र दुभंगणं वगैरे गोष्टी रामायणाइतक्या नसल्या तरी कानावरून गेलेल्या. चैत्राच्या सुमारास ज्यूंचा वल्हांडण सण आला की शेजारचं घर चुन्यानं पांढरं व्हायचं, काळ्या मनुकांचं सरबत व्हायचं आणि त्या घरातले आजोबा आपले पूर्वज मिसर देशातल्या गुलामीतून सुटल्याची गोष्ट मराठीत सांगायचे. या सणाला वाचायची हग्गादा, म्हणजे त्या सुटकेच्या गोष्टीची पोथी, पुण्यात 1874 साली मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्या चित्रांत बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका चक्क साडी नेसून बसल्या आहेत. तेव्हा फारो हा आमच्यासाठी कुणी लांबचा माणूस नव्हताच.

मोठेपणी बायबलातलं निर्गमाचं पुस्तक नीट वाचलं तेव्हा एका गोष्टीनं मला चकित केलं. मिसरात विटा पाडत राबणाऱ्या इस्राएली लोकांचा पुढारी मोशे फारोसमोर पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा स्वातंत्र्य मागत नाही. तो रजा मागतो. तीन दिवसांच्या वाटेवर रानात जाऊन आमच्या देवाचा उत्सव करू दे, एवढंच. जत्रेची सुट्टी! आणि फारोचं उत्तर कुठल्याही साहेबाच्या तोंडी शोभेल असं: तुम्ही आळशी झालात, म्हणून देवाला जायचं सुचतंय. त्याच दिवसापासून विटांसाठी लागणारं गवत मिळणं बंद. गवत तुमचं तुम्ही गोळा करा, विटा मात्र रोजच्या तितक्याच पडल्या पाहिजेत.

मग मिसरावर देवानं धाडलेल्या दहा आपत्ती सुरू होतात. दहाही सांगत बसत नाही, पण बेडकांपाशी थांबल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. नदीतून बेडूक निघतात ते घरात, अंथरुणात, भट्टीत, पीठ मळायच्या काथवटीत. फारोचे जादूगार आपणही काही कमी नाही हे दाखवायला मंत्र मारतात आणि आणखी बेडूक काढतात! (असे सल्लागार प्रत्येक दरबारात असतात.) शेवटी फारो मोशेला बोलावतो, हे बेडूक घालव म्हणतो. मोशे विचारतो, कधी घालवायचे ते तूच सांग. उशीवर बेडूक, कणकेत बेडूक, आणि हा माणूस काय म्हणतो?

"उद्या."

आणखी एक रात्र बेडकांसोबत झोपायला तयार, पण "आत्ता" हा शब्द तोंडातून निघत नाही. आत्ता म्हटलं की हरलो. उद्या म्हटलं की निर्णय अजून आपल्याच हातात आहे.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना म्हटलं, "तीन दिवस कशाला? डोंगरावर जाऊन एका दिवसात परत येता येतं." त्या गप्प. मग म्हटलं, "बरं जा, पण सकाळची भांडी करून निघा." मग, "तुमची सून येईल का बदली?" सून पण जोतिबालाच चालली होती. फारोची घासाघीस अगदी हीच. आधी म्हणतो, इथेच देशात काय तो यज्ञ करा. मग, जा पण फार लांब नको. मग, पुरुषांनी जावं, बायकापोरं राहू देत. मग, पोरांनाही न्या, गुरं तेवढी ठेवा. मोशे म्हणतो, एक खूरही मागे राहणार नाही.

मावशी काही गुलाम नाहीत. पगार देते, दिवाळीला साडी देते. हे मी मनातल्या मनात लगेच म्हणून घेतलं, म्हणजे कुठेतरी टोचलं असणार. मिसरातही खायला मिळत होतंच. पुढे वाळवंटात भूक लागल्यावर हेच लोक मिसरातल्या मांसाच्या हंड्या आठवून रडतात.

फारोनं शेवटी का सोडलं? लहानपणी वाटायचं, त्याला पटलं. पण पटल्याची खूण पानोपानी शोधूनही सापडत नाही. उलट प्रत्येक वेळी संकट टळून जरा हायसं वाटलं की तो फिरतो. मूळ हिब्रूत त्याच्या हृदयाबद्दल एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, कावेद, म्हणजे जड. फारोनं आपलं काळीज जड केलं. गंमत म्हणजे कावेद या शब्दाचा हिब्रूतला दुसरा अर्थ यकृत, आणि आपलं काळीजही तसंच दुहेरी: कवितेत हृदय, मटणाच्या दुकानात यकृत. शिवाय मिसरी समजुतीप्रमाणे मेल्यावर माणसाचं हृदय तराजूत घालून एका पिसाबरोबर तोलायचे, जड भरलं तर माणूस दोषी. तिथल्या राजाचं हृदय जड होतं म्हणणं म्हणजे निकाल आधीच लागला म्हणणं. पुढच्या आपत्तींत मात्र त्याचं मन देवच कठीण करतो असं लिहिलंय, आणि यावरून पंडितांचे वाद अजून मिटलेले नाहीत. मला त्यात एवढंच कळतं की पाच वेळा स्वतः "नाही" म्हटल्यावर सहावं "नाही" आपोआप येतं.

गारांनी पिकं झोडपली, उरलेलं टोळांनी खाल्लं, तीन दिवस काळोख पडला. फारोचे स्वतःचे सेवक विनवतात, सोड त्यांना, देशाचं वाटोळं झालंय हे अजून कळत नाही का? कळत असतं. पण नुकसान देशाचं असतं. दहाव्या आपत्तीच्या रात्री प्रत्येक मिसरी घरातला थोरला मुलगा मेला, राजाचाही. त्या रात्री कुणी "उद्या" म्हणत नाही. अंधारातच मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन यांना बोलावून फारो म्हणतो: निघा, मुलंबाळं, शेळ्यामेंढ्या, गुरं, तुम्ही म्हणाला होतात तसं सगळं घेऊन जा. अनेक ज्यू घरांत आजही वल्हांडणाला दहा आपत्तींची नावं घेताना पेल्यातली वाइन थेंब थेंब कमी करतात. सुटका आपली झाली, पण तिच्यासाठी मेलं कुणीतरी, म्हणून पेला काठोकाठ भरलेला नको.

त्या मध्यरात्रीच्या बोलण्यात फारो शेवटी एक वाक्य जोडतो, ते मी आधी कधी नीट वाचलंच नव्हतं. "आणि मलाही आशीर्वाद द्या."

मुलगा गमावलेला राजा, ज्यांच्याकडून विटा पाडून घेतल्या त्यांच्याकडेच आशीर्वाद मागतो. त्याचं नावसुद्धा पुस्तकात नाही. इस्राएली पोरं वाचवणाऱ्या दोन सुइणींची, शिप्रा आणि पुवा, नावं मात्र आहेत.

माझ्या घरी अर्थातच कुणी मेलं नाही. चतुर्दशीच्या आदल्या दिवशी मावशी म्हणाल्या, "वहिनी, मी विचारत नव्हते, सांगत होते." मी म्हटलं, "जा की मग." आणि त्या चपला घालत असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "माझाही नमस्कार सांगा हो जोतिबाला."

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सिंकमध्ये कुकरच्या वर कढई, कढईच्या वर परात, आणि परातीत सुकून चिकटलेली कणीक. फारोला लोक सुटल्यावर काय वाटलं तेही लिहून ठेवलंय: हे काय करून बसलो, आता आपलं काम कोण करणार? आणि त्यानं सहाशे निवडक रथ जुंपायला सांगितले.

माझ्याकडे फोन होता. तो मी केला.

"मावशी, निघालात का तिथून?"

पलीकडे हलगी, कुणाची तरी पिपाणी, आणि हजार गळ्यांतून एकदम उठलेलं "चांगभलं".

"काय म्हणता वहिनी? सासनकाठी चाललीय समोरून! काही ऐकू येत नाही!"