आमची वाटचाल : अडलेलं एडिटिंग सोडवताना

आम्ही स्वतः फिल्म एडिट करत नाही. दुसऱ्याचं एडिटिंग अडलं की ते सोडवून देतो. बडोद्यात दांडिया बाजारात पहिल्या मजल्यावर आमची छोटी जागा आहे. लग्नाचे स्टुडिओ, गरब्याचं शूटिंग करणारी मंडळी, नाटकांचं चित्रीकरण करणाऱ्या संस्था, यूट्यूबवर पाककृती दाखवणाऱ्या काकू, असे सगळे तिथे येतात.

सुरुवात टेपच्या काळातली. मी आणि धाकटा भाऊ तेव्हा लग्नाचं एडिटिंगच करायचो. मिनीडीव्हीची टेप ६० मिनिटांची. फायरवायर केबलने ती संगणकात घ्यायला पूर्ण तास जायचा, आणि तासाला साधारण १३ जीबी जागा लागायची. काम संथ होतं, पण त्यात एक गोष्ट आपोआप व्हायची: मूळ टेप कपाटात राहायची. संगणक बसला तरी लग्न शाबूत. मेमरी कार्ड आलं आणि हे संपलं. आजच्या हळदीचं कार्ड रिकामं करून उद्या वरातीला लावायचं, म्हणजे कॉपी करताना जे हुकलं ते कायमचं गेलं.

त्याच सुमारास ओळखीच्या स्टुडिओंतून फोन यायला लागले. "भाई, टाइमलाइन अटकी गई छे, जरा आवो ने." टाइमलाइन म्हणजे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधली ती पट्टी, जिच्यावर क्लिपा ओळीने लावतात. रात्री जेवण झालं की आम्ही स्कूटरवरून जायचो. पैसे कुणी विचारत नव्हतं, आम्हीही मागत नव्हतो, सेव-उसळ मिळायची. हे फोन इतके वाढले की आमचं स्वतःचं काम मागे पडायला लागलं. तेव्हा भाऊच म्हणाला, "दादा, आपण हेच करूया. एडिटिंग करणारे गावात भरपूर आहेत." तिथून हा व्यवसाय उभा राहिला.

सुरुवातीच्या काही महिन्यांतच एक गोष्ट दिसली, आणि आमचं सगळं काम आजही तिच्यावर चालतं. तक्रार सॉफ्टवेअरची असते, पण बिघाड बहुतेक वेळा त्याच्या आधी झालेला असतो: कॅमेऱ्यात, कार्डवर, कॉपी करताना. एका स्टुडिओत प्रत्येक लांब क्लिपच्या मध्येच क्षणभर आवाज जायचा. मंगलाष्टकं चालू असताना "शुभमंगल"च्या आधीच खटका. त्यांनी सॉफ्टवेअर दोनदा काढून पुन्हा टाकलं होतं. आम्ही मूळ कार्ड मागितलं. कॅमेरा सलग रेकॉर्डिंगचे तुकडे करत होता आणि त्यांचा मुलगा कार्डवरच्या फोल्डरमधून फक्त एमटीएस, म्हणजे व्हिडिओच्या, फाइली उचलून आणत होता. ते तुकडे एकसंध जोडण्याची माहिती बाकीच्या फोल्डरांत असते, ती कार्डवरच राहिली. आम्ही अख्खं कार्ड, सगळ्या फोल्डरांसकट, जसंच्या तसं कॉपी केलं आणि सॉफ्टवेअरच्या मीडिया ब्राउझरमधून क्लिप घेतली. खटका गेला. तेव्हापासून मशीन उघडण्याआधी आमचा पहिला प्रश्न असतो, "ही फाईल इथवर आली कशी?"

आमचा खरा हंगाम नवरात्राचा. बडोद्याचा गरबा नऊ रात्री चालतो. गायक प्रत्यक्ष गातात, आवाज मिक्सरवरून वेगळा रेकॉर्ड होतो, तीन-चार कॅमेरे आणि वर एखाद-दोन फोन. सगळं तासन् तास सलग. मग तक्रार येते: सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, शेवटी जुळत नाहीत. बहुतेक जण दर पाच मिनिटांनी क्लिप कापून थोडी थोडी सरकवत बसतात. रात्र जाते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आम्ही आधी मोजतो. तासाभरात किती घसरलं? एखाद-दोन फ्रेमच (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एक चित्र) असतील तर ती दोन उपकरणांच्या घड्याळांतली नैसर्गिक तफावत. घड्याळ चालवणारा प्रत्येकाचा क्रिस्टल थोडा वेगळा चालतो. आवाज अगदी किंचित ताणला की भागतं. बरोबर ३.६ सेकंद घसरले असतील तर कुठेतरी सेकंदाला ३० आणि २९.९७ फ्रेमची गल्लत आहे. हा फरक हजारात एक, आणि तासात सेकंद असतात ३६००. तासाला दोन-अडीच मिनिटं गेली तर २४ आणि २५ ची अदलाबदल. आणि घसरण एकसारखी नसेल, कधी पुढे कधी मागे, तर तो फोन. फोन उजेड आणि उष्णतेनुसार फ्रेमरेट कमीजास्त करतो. मीडियाइन्फो या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती फाईल उघडली की 'व्हेरिएबल' असं स्पष्ट लिहिलेलं दिसतं. अशा फाईलवर कितीही कापाकापी केली तरी उपयोग नाही. आधी ती स्थिर फ्रेमरेटच्या प्रोरेझ किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगला सोप्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्यायची, मग टाइमलाइनवर आणायची. आकडा पाहून दोष कुठे आहे ते सांगायला दहा मिनिटं पुरतात. आम्हाला या कामाचा सगळ्यात जास्त आनंद इथेच मिळतो, कारण समोरच्याची वाचलेली रात्र डोळ्यांना दिसते.

फोन २५ फ्रेमवर लॉक करून घ्या, हे आम्ही दर वर्षी सांगतो. आपली वीज ५० हर्ट्‌झची. ३० फ्रेमवर शूट केलं की मंडपातले दिवे लुकलुकताना दिसू शकतात, आणि २५ च्या टाइमलाइनवर हालचाल झटके देते ते वेगळंच.

डाव्हिन्ची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर आल्यावर वेगळी दुखणी आली. त्याची फुकट आवृत्ती चांगली आहे, आम्ही स्वतः ती नवख्यांना सुचवतो. पण त्यात प्रोजेक्ट म्हणजे वेगळी फाईल नसते, ते डेटाबेसमध्ये राहतात, आणि तो डेटाबेस सहसा सी ड्राइव्हवर. एका एडिटरने विंडोज नव्याने टाकलं. फुटेज दुसऱ्या डिस्कवर सुखरूप, एडिट मात्र सगळं गेलेलं. ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पाठवलेली एक हलकी प्रत तेवढी उरली होती. आम्ही त्या प्रतीवर सीन कट डिटेक्शन चालवलं. कट कुठे कुठे आहेत ते मिळालं, मग एकेका शॉटखाली मूळ क्लिप शोधून बसवत गेलो. नवरीच्या हातातली मेंदी, मामांचा फेटा अशा खुणांवरून. त्या प्रतीवर चित्रावरच मूळ क्लिपचं नाव आणि टाइमकोड (क्लिपमधली नेमकी वेळ) छापलेला असता तर काम कितीतरी लवकर झालं असतं. आता ग्राहकाला दाखवायची प्रत तशीच छापील काढा असं आम्ही सांगतो, आणि रोज काम बंद करताना प्रोजेक्ट एक्स्पोर्ट करून दुसऱ्या डिस्कवर ठेवायला लावतो.

टायटलमध्ये वेलांटी भलत्या अक्षरावर जाणं, जोडाक्षर फुटणं हे मराठी आणि गुजराती दोन्ही घरांतलं दुखणं. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन' करून युनिकोड फॉन्ट वापरला की ते मिटतं. लग्नाच्या फिल्ममध्ये नवरीचं नाव चुकीचं दिसणं आम्हाला सहन होत नाही.

आम्ही मशीन विकत नाही आणि कुठल्या दुकानाकडून कमिशन घेत नाही. हे मुद्दाम ठरवलं, कारण "नवा पीसी घ्या" हा सल्ला फार सहज दिला जातो. नव्या कॅमेऱ्यांचं दहा-बिट ४:२:२ एच.२६५ या प्रकारचं फुटेज अडतं म्हणून लोक महागडं ग्राफिक कार्ड घेतात. एनव्हिडियाच्या ५०-मालिकेआधीच्या आरटीएक्स कार्डांत ते डिकोड करायची, म्हणजे उलगडून दाखवायची, सोयच नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये ती आहे, पण नावात 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये ते ग्राफिक्सच नसतात. म्हणजे थोडे पैसे वाचवायला घेतलेला प्रोसेसरच आड येतो. प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी प्रत, करा, पैसे राखा, असं आम्ही सांगतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. तळमजल्यावरचे स्टुडिओ बुडाले. त्या दिवसांत सगळ्यांना आम्ही फोनवर एकच सांगत होतो: भिजलेली हार्डडिस्क सुरू करू नका, उन्हात वाळवू नका, हेअर ड्रायर लावू नका. साध्या हार्डडिस्कला हवा जायला बारीक छिद्र असतं, त्यातून गाळ आत जातो आणि वाळला की तबकडीला चिकटतो. ओलीच पिशवीत बंद करून डेटा काढणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवायची. काहींचं फुटेज परत मिळालं, काहींचं नाही. एका घरच्या आजी लग्नानंतर दोन महिन्यांनी गेल्या होत्या, आणि त्यांचं शेवटचं चित्रण त्या डिस्कवर होतं. ते मिळालं नाही. त्यानंतर आम्ही प्रत्येक स्टुडिओला दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवायला लावल्या, एक नदीच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि तळमजल्यावर एकही नाही.

आता पितृपक्षात, लग्नं नसतात तेव्हा, आम्ही गरब्याची तपासणी घेतो. स्टुडिओंनी आपले सगळे कॅमेरे, फोन आणि रेकॉर्डर घेऊन यायचं. सगळं एकाच खोलीत तासभर सलग चालू ठेवायचं, सुरुवातीला एक टाळी, शेवटी एक टाळी. मग टाइमलाइनवर पहिल्या टाळ्या जुळवायच्या आणि शेवटच्या किती लांब पडल्या ते पाहायचं. प्रत्येक उपकरणाचा फरक कागदावर लिहून त्याच्याच बॅगेत चिकटवून देतो. याचे पैसे घेत नाही. येताना चार्जर आणि रिकामी कार्डं तेवढी आणा.