दुसऱ्या उकळीचं काय?

शॉर्टब्रेडच्या (भरपूर बटर घातलेल्या खुसखुशीत बिस्किटाच्या) दोन चकत्यांमध्ये कॅरमल भरलेल्या कुकीज मी कुणाला दिल्या, की पहिल्या घासानंतर कुकी उलटीसुलटी करून पाहिली जाते आणि प्रश्न येतो, ‘हे बाजूनं बाहेर कसं येत नाही? आमचं तर हनुवटीवर ओघळतं.’ आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

माझंही ओघळायचं. पहिल्या खेपेला साखर छान तांबूस झाली, क्रीम ओतलं, बटर घातलं, दाटसर दिसलं म्हणून गॅस बंद केला. रात्री कुकीज जोडून ताटात मांडून ठेवल्या. सकाळी बघते तर वरच्या सगळ्या चकत्या एकाच बाजूला घसरलेल्या. आपल्या ओट्याला उतार आहे, हा शोध मला त्या दिवशी लागला. खापर मी शॉर्टब्रेडवर फोडलं. पुढच्या वेळी बटर कमी केलं, चकत्या जाड आणि कडक केल्या. कॅरमल आणखी जोरात बाहेर आलं.

येणारच होतं. कुकी कडक असली की दातांचा जोर तिला तोडण्याआधी आतल्या कॅरमलवर पडतो आणि ते वाट मिळेल तिकडे पळतं. शॉर्टब्रेड दात टेकताच मोडतो, हीच तर त्याला निवडण्यामागची मेख. त्यात फेरफार करू नका. वजनाने एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा. मी 100, 200 आणि 300 ग्रॅम घेते आणि वर चिमूटभर मीठ. बटर मैद्याच्या कणांना लपेटतं, म्हणून ग्लुटेनचे, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनाचे, लांब धागे बनत नाहीत. मळत बसलात तर बनतील. गोळा जेमतेम जमला की हात बाजूला. अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या, अर्धा तास फ्रिज, मग 160 अंश सेल्सिअसला कडा फिकट सोनेरी होईपर्यंत भाजायच्या. संपलं.

खरी गोम कॅरमलमध्ये आहे. रंग आला म्हणजे कॅरमल झालं, असं आपण धरून चालतो. रंगातून चव येते, घट्टपणा नाही. घट्टपणा ठरतो तो आत पाणी किती उरलं यावर, आणि साखर तांबूस झाल्यावर आपण क्रीम ओततो म्हणजे पुन्हा पाणीच ओततो. ते आटवायला दुसरी उकळी लागते, आणि नेमकी तीच आपण टाळतो, कारण भांड्यात सगळं झाल्यासारखं दिसत असतं. गरम कॅरमल दिसतं त्यावर जाऊ नका. 108 अंशांचं आणि 118 अंशांचं कॅरमल भांड्यात जवळपास सारखंच दिसतं. गार झाल्यावर पहिलं सॉस असतं आणि दुसरं जागच्या जागी बसतं.

म्हणून 150 ग्रॅम साखर तांबूस झाली की 100 मिलिलिटर गरम क्रीम बेताबेताने घालायचं (भांडं खोल घ्या, ते उसळून वर येतं आणि त्याचा चटका वाईट), मग 60 ग्रॅम बटर, मीठ, आणि मंद आचेवर 118 अंशांपर्यंत उकळू द्यायचं. थर्मामीटर नसेल तर थेंबभर कॅरमल गार पाण्यात टाका. बोटांत त्याची मऊ गोळी वळली पाहिजे. गोळीबंद पाक म्हणतात तो हाच. थर्मामीटर असेल तर आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा. तो 97 दाखवत असेल, मग चूक यंत्राची असो किंवा तुम्ही उंचावर राहत असा, कॅरमलही 115 लाच उतरवा.

घसरगुंडीनंतर मी सूड उगवल्यासारखं 128 पर्यंत नेलं होतं. त्या कुकीज मोडायच्या, पण दात आतच अडकून राहायचे. पाहुणे बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

भरताना कॅरमल कोमट हवं. मधोमध ठिपका द्यायचा, वरची चकती हलकेच दाबायची, कडेला बोटभर नाही तरी काडीभर जागा सोडायची.

‘दुसऱ्या दिवशी मऊ पडतात का’ हा जोडप्रश्न. पडतात थोड्या, कारण कॅरमलमधला ओलावा कोरड्या कुकीत शिरतो. कुरकुरीतच हव्या असतील तर खायच्या दिवशीच भरा. मला स्वतःला दुसऱ्या दिवशीच्याच आवडतात. आतल्या बाजूला किंचित नरम, बाहेरून अजून खुसखुशीत. मात्र डबा घट्ट झाकणाचा हवा आणि तो फ्रिजबाहेर हवा. फ्रिजमध्ये कॅरमल दगड होतं, आणि मग तुम्ही मला तिसराच प्रश्न विचाराल.