डावीकडून तिसरे

संग्रहालयाच्या छायाचित्र विभागात माझा निम्मा दिवस चेहऱ्यांपेक्षा फोटोंच्या पाठीवर जातो, कारण तिथे लिहिलेली फोटोओळ एकदा नोंदवहीत चढली की पुढे तीच खरी ठरते. गेल्या वर्षी एक वयस्क गृहस्थ वडिलांच्या ट्रंकेतला पुठ्ठ्यावर चिकटवलेला समूहफोटो घेऊन आले. आझाद हिंदच्या हंगामी सरकारचे मंत्रिमंडळ, मधोमध नेताजी, मागे आठ जण उभे. या सरकारची घोषणा सिंगापूरच्या कॅथे इमारतीत २१ ऑक्टोबर १९४३ रोजी झाली होती.

पाठीवर शाईने लिहिले होते, 'उभे, डावीकडून तिसरे मेजर जनरल जगन्नाथराव भोसले.' पहिली शंका हुद्द्यानेच आली. घोषणापत्रावर भोसले लेफ्टनंट कर्नल आहेत, तेव्हा ही ओळ त्या दिवसांत नव्हे, नंतर केव्हातरी लिहिली गेली होती. दुसरी शंका कॅप्टन लक्ष्मींमुळे. मंत्रिमंडळातील एकमेव स्त्री असल्याने त्यांच्याबाबत चूक होणे शक्यच नाही, पण ओळीत त्या बसलेल्यांत डावीकडून दुसऱ्या आणि फोटोत उजवीकडून दुसऱ्या. कुणीतरी लाल शाईने फक्त बसलेल्या रांगेचा क्रम बाण काढून फिरवला होता आणि उभ्या रांगेला हातही लावला नव्हता. अर्धवट दुरुस्तीइतका त्रास संपूर्ण चुकीनेही होत नाही.

मी भिंग घेऊन सदऱ्यांकडे वळलो. पुरुषांच्या सदऱ्याची डावी पट्टी उजवीवर येते. इथे ज्यांची पट्टी दिसत होती, त्या सगळ्यांची उलट होती. शिवाय तिघांची घड्याळे उजव्या मनगटावर. एखादा डावखुरा समजू शकतो, तिघे नाही. निगेटिव्ह उलटी घालून ही प्रत काढलेली होती. म्हणजे ओळ खरी होती, फोटोच खोटा होता, आणि ज्यांना सगळे भोसले समजत आले ते मूळ क्रमात सहावे निघाले. खरे भोसले उजव्या टोकाकडे, शेजाऱ्याच्या टोपीमागे अर्धे झाकलेले. पुढे ते केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. त्या काळातील त्यांच्या फोटोशी पूर्वी झालेली तुलना जुळली नव्हती, कारण डावा कान उजव्याशी ताडला जात होता. प्रतिमा सरळ केल्यावर कानाच्या पाळीची ठेवण जुळली. चेहरा वयाने बदलतो, कानाची घडण फारशी नाही, आणि हे मी नवख्यांना कंटाळा येईपर्यंत सांगतो.

मग सहावा कोण? त्या नावावर नेमका पाण्याचा डाग. सरकारात सैन्याचे आठ प्रतिनिधी होते; ज्यांची नावे इतरत्र लागली ते वगळता अझीझ अहमद आणि एहसान कादिर उरले. दोघांपैकी एक, यापलीकडे पुरावा मला नेत नाही.

गृहस्थांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ फोटोकडे पाहत राहिले. "अहो, वडील दर एकवीस ऑक्टोबरला याच माणसावर बोट ठेवून 'हे आपले भोसलेसाहेब' म्हणायचे," ते म्हणाले. वडिलांचे बोट चुकले नव्हते, त्यांनी ओळीप्रमाणेच मोजले होते, हे मी समजावले. पण त्यांना ते पटलेले दिसले नाही.

पुढे प्रदर्शन भरवणाऱ्या एका संस्थेने प्रत मागितली. मी सरळ केलेली प्रतिमा आणि नवी ओळ पाठवली, सहाव्याच्या जागी 'बहुधा' लिहून दोन्ही नावे दिली. 'बहुधा' फलकावर शोभत नाही, असे उत्तर आले आणि छापली गेली ती सरळ प्रतिमा, पण लाल शाईची दुरुस्ती धरून. आता तिथे कॅप्टन लक्ष्मींच्या नावाखाली एक मिशीवाले गृहस्थ बसले आहेत. आमच्या नोंदवहीत सहावी जागा अजून पेन्सिलीतच आहे.