आमची वाटचाल : वावरातून डब्यात

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. इथे बोअर मारली की खारं पाणी लागतं. ते ना ओलिताच्या कामाचं, ना पिण्याच्या. म्हणून पावसाळ्यात मूग, सोयाबीन, कपाशी आणि पुढे जमिनीतल्या ओलीवर हरभरा, अशी इथली शेती. ज्वारी एकेकाळी घरोघर होती. आता खाण्यापुरती आणि कडब्यापुरती उरली आहे. हा सगळा माल पोत्यात भरून बाजार समितीत जातो आणि आमच्याच लेकरांच्या हातात मात्र कुठल्या तरी कारखान्यातलं पाच रुपयांचं पाकीट येतं. मूग-हरभरा पिकवणाऱ्या गावातल्या पोरांनी पाम तेलातले कुरकुरे खावेत, हे मला आणि माझ्या जाऊबाईंना पटत नव्हतं. २०१९ च्या दिवाळीनंतर आम्ही दोघींनी घरच्याच पडवीत पोरांच्या डब्यासाठी कोरडा खाऊ करायला सुरुवात केली.

डबा म्हटलं की शहरातली लहान मुलं डोळ्यांसमोर येतात. गावाकडचं गणित निराळं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत दुपारी खिचडी मिळते. खरी अडचण नववीपासून पुढे. गावात हायस्कूल नाही, म्हणून पोरी सकाळच्या एसटीने तालुक्याला जातात आणि दिवे लागायच्या सुमारास परत येतात. त्याच वेळी आई सोंगणीला किंवा कापूस वेचायला निघालेली असते. शेजारच्या एक काकू म्हणाल्या होत्या, "सकाऊन सोंगाले जा लागते बाई, पोरीच्या डब्यात काय टाकू थेच समजत नाही." पोळी-भाजी तर असतेच. पण मधल्या सुट्टीत आणि संध्याकाळी स्टँडवर बस येईपर्यंत पोटाला आधार काय? आमचा माल त्या वेळेसाठी आहे. पोळी-भाजीच्या जागी तो कधीच नाही, आणि हे आम्ही प्रत्येक आईला स्पष्ट सांगतो.

पहिला पदार्थ ठरला ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा. लाह्या आपल्याकडे नागपंचमीला होतात आणि मग वर्षभर कोणी नाव काढत नाही. करायला सोप्या वाटतात, पण त्यांचं तंत्र मोठं आहे. ज्वारीवर कडकडीत पाणी टाकायचं, लगेच निथळायचं, मिठाचा हात लावून कापडाखाली रात्रभर दडपून ठेवायची. सकाळी वरचा ओलावा सुकला की लोखंडी कढई चांगली तापवून मूठ-मूठ टाकायची आणि फडक्याच्या बोळ्याने भराभर हलवायची. ओल कमी राहिली तर दाणा फुटत नाही, जास्त राहिली तर चिवट होतो. ज्वारीचं वाणही बघावं लागतं. टणक, काचेसारखा दाणाच चांगला फुलतो. इतकं करूनही गणंग, म्हणजे न फुललेले दाणे, राहतातच. आमच्याकडे लाह्या दोनदा चाळतात आणि मग दोन बाया परातीत पसरून हाताने निवडतात. दुधाचे दात असलेल्या लेकराच्या दाताखाली एक गणंग आला, तर ते पोर पुन्हा आमच्या पाकिटाला हात लावणार नाही. या निवडणीवर मजुरी जाते. ती वाचवायला मशीन घ्या असं बरेच जण सांगतात, पण बायांच्या नजरेवर माझा जास्त विश्वास आहे.

चिवड्यात फल्लीदाणे (शेंगदाणे), डाळवं, कढीपत्ता, वाळवलेला सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) आणि वायगावची हळद. फोडणीला फल्लीचं तेल, तेही मोजकंच. चवीचं शेवटचं काम मात्र पोरांनी केलं. वानगी म्हणून वाटलेला चिवडा खाऊन एका सातवीतल्या मुलाने सांगितलं, "काकू, याले आंबट पाहिजे होतं." लिंबू पिळलं तर लाह्या सादळतात. आम्ही अमचूर घातला आणि तोच चिवडा आजपर्यंत सगळ्यात जास्त खपतो.

फुटाणे आम्ही स्वतः भाजत नाही. आमच्या भागात फुटाण्या-मुरमुऱ्यांच्या भट्ट्या भोई समाजाच्या आहेत. तापलेल्या रेतीत चणा किती वेळ ठेवायचा, हे त्यांच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आमच्या पट्ट्यातला हरभरा त्यांच्याकडे जातो आणि फुटून परत येतो. त्याचे गुळातले लाडू करतो. भाजलेल्या मुगाच्या पिठाचेही करतो. ज्वारी-बेसनाच्या काड्या तीळ-ओवा घालून भट्टीत भाजतो, तळत नाही. या काड्यांचं पीठ बोअरच्या पाण्यात मळलं तर मिठाचा अंदाजच राहत नाही, म्हणून कारखान्यात फक्त धरणाचं नळाचं पाणी वापरतो. नळाला पाणी नसेल त्या दिवशी काड्या होत नाहीत.

सुरुवात होऊन थोडा जम बसत होता, तोच मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. डब्याचा धंदा आणि डबाच नाही! खेड्यातली पहिली ते चौथीची पोरं तर डिसेंबर २०२१ मध्ये शाळेत आली. त्या काळात आम्हाला जवसाच्या चटणीने तारलं. पोळीवर तेल-चटणी लावून गुंडाळी करून दिली की लेकरू हातात घेऊन फिरत खातं. ती चटणी पुढे डब्यासाठीही राहिली, लहान पुडीत.

परवान्याचं लोकांना उगाच भय वाटतं. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत होती, तेव्हा अन्न सुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी पुरली. वर्षाला १०० रुपये फी आणि पाकिटावर चौदा आकडी नंबर. यंत्रं घेतली ती पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेतून. तेव्हा त्यात कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के अनुदान मिळायचं, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. अर्जदारांना मदत करायला योजनेने नेमलेल्या जिल्हा संसाधन व्यक्तीने प्रकल्प अहवाल करून दिला. गावातल्या बचतगटाच्या बायांना मी नेहमी सांगते, आधी माल लोकांच्या तोंडी बसवा, मग यंत्राकडे वळा. कर्जाचा हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो, गिऱ्हाईक होत नाही.

उधारीने आम्हाला फार जाळलं. शहरातल्या एका दुकानदाराने ऐन हंगामात भरपूर माल उचलला आणि पैशासाठी महिनोन्‌महिने हेलपाटे घालायला लावले. शेंगदाणा आणि गूळ आम्ही रोखीने घेतो, आणि आमचे पैसे त्याच्या गल्ल्यात. तेव्हापासून दुकानं कमी केली आणि थेट पालकांना विकायला लागलो.

त्यातून आठवड्याचं पुडकं आलं. सहा दिवसांच्या सहा लहान पुड्या, एक पुडी म्हणजे एका मधल्या सुट्टीचं खाणं. मोठं पाकीट पावसाळ्यात एकदा फोडलं की दुसऱ्या दिवशी चिवडा मऊ पडतो. पुडी रोज नवी फुटते, शेवटच्या दिवसापर्यंत कुरकुरीत. आईला सकाळी विचार करायचं काम नाही, पुडी डब्याच्या झाकणाखाली सरकवायची. शनिवारी शाळा सकाळची, पोरं बिनाखाल्ल्याची पळतात. म्हणून शनिवारच्या पुडीत कायम लाडू. उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली की पुड्या लहान करतो. पारा ४५ च्या पुढे गेला की गूळ सुटतो, लाडू चिकटतात, तेव्हा फक्त कोरडा माल. विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे जूनभर आमची साफसफाई, धान्य निवडणं आणि उन्हं दाखवणं चालतं.

दोन गोष्टी पालकांनी लक्षात ठेवाव्यात असं मनापासून वाटतं. पाच वर्षांखालच्या लेकरांना अख्खे दाणे किंवा फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. बालवाडीसाठी आम्ही वेगळे लाडू करतो, सगळं कुटून बारीक केलेलं. दुसरं, शेंगदाण्याची ॲलर्जी. आपल्याकडे हा विषय कोणी काढत नाही, पण ज्या घरात आहे तिथे जिवाशी गाठ असते. पाकिटावर दाणे ठळक लिहिलेले आहेत ते यासाठीच. काड्यांमध्ये दाणे नाहीत, तरी त्या त्याच कारखान्यात होतात हेही तिथेच लिहिलं आहे.

पाच रुपयांचं पाकीट तुम्ही का काढत नाही, असं दुकानदार विचारतात. त्या किमतीत ज्वारी, दाणे आणि बायांची मजुरी बसवायची तर तेल बदलावं लागेल, मीठ-मसाला वाढवून चव झाकावी लागेल. ते आम्ही करणार नाही. २०२० च्या नियमांनी जास्त तेल, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या ५० मीटर परिसरात विकायला बंदी आहे. तरी गेटसमोर अशा पाकिटांच्या माळा लटकलेल्या दिसतात. शाळेच्या पालकसभेत मी हा मुद्दा मांडते. काही मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं, गेटसमोरच्या टपरीवर आता फुटाणे आणि केळी असतात.

सध्या आमच्याकडे गावातल्याच बाया कामाला आहेत, वेचणीच्या दिवसांत त्यांची वेळ दुपारनंतरची. यंदा ज्वारी आणि मुगाचं धिरड्याचं पीठ काढलं आहे: पाणी घालून कालवायचं, तव्यावर टाकायचं, पोळ्या होईपर्यंत दोन धिरडी तयार. गुरुवारपर्यंत व्हॉट्सॲपवर नाव आणि बसथांबा कळवा. पुडकं रविवारी एसटीच्या पार्सलने येतं. पहिल्यांदा मागवत असाल तर एकाच आठवड्याचं मागवा आणि डबा रिकामा परत येतो का ते बघा. काही उरलं असेल तर काय उरलं ते कळवा, पुढच्या पुडक्यात बदलून देऊ.